चिकटवे काका कोणासाठी उठायचे

चिकटवे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. लोकांना नोकरीला चिकटवायचे म्हणून चिकटवे. खालच्या चष्म्याच्या दुकानात कोणी पत्ता विचारला की दुकानदार हातातली काच पुसत वर बोट करायचा, "चिकटवे काका ना? जिना चढा, समोरच." हे नाव काकांच्या कानावर गेलेलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडत असावं. आवडलं नसतं तर त्या दुकानदाराची खैर नव्हती.

मी त्यांच्याकडे फोनवर होते. फोनवर म्हणजे आपलं म्हणायला. आलेल्याला बसवणं, चहा सांगणं, रडणाऱ्याला पाणी देणं, बढाया मारणाऱ्याला जमिनीवर आणणं, सगळं माझ्याच गळ्यात. जागा दोन खोल्यांची. बाहेर माझं टेबल आणि आलेल्यांसाठी एक लांब बाक, आत काकांचं टेबल. काकांची खुर्ची खिडकीला लागून. खिडकीतून खालचा रस्ता, बसथांबा आणि समोरच्या बँकेचं दार दिसायचं. मधलं दार फुगलं होतं, ते कधी लागायचंच नाही, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू यायचं. मी कान टवकारून बसायचे असं कोणी म्हणू नये. बहिरी असते तर गोष्ट वेगळी.

काका कोणासाठी उठायचे नाहीत. कंपनीचे मोठे साहेब येवोत, घरमालक येवो, काका आपले बसूनच "या, बसा" म्हणायचे. नव्या माणसाला हा उद्धटपणा वाटायचा. उठायचे ते फक्त एका माणसासाठी: त्यांनी नोकरीला लावलेला जो कोणी पुढे कायम होऊन ते सांगायला यायचा, त्याच्यासाठी. मग दोन्ही हात टेबलावर टेकवून काका उठायचे. गुडघे कटकन वाजायचे. पुढे येऊन हात मिळवायचे, पुन्हा जाऊन बसायचे आणि लगेच, "बरं, आता काम कर," म्हणून त्याला वाटेला लावायचे. त्या एका हस्तांदोलनासाठी माणसं रजा काढून येत. मी हसायचे, पण कोणी तसा आला की मीसुद्धा हातातलं टाकून बघायचेच.

दुसरी त्यांची सवय म्हणजे पहिल्या दिवशीचा फोन. माणूस कामावर रुजू झाला की त्या संध्याकाळी काका त्याला फोन करायला लावायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "खुर्ची मिळाली का?" साहेब कसे आहेत, काम काय दिलं, हे सगळं नंतर. कोणी सांगितलं की स्टूल मिळालं, तर काका खवळायचे. "पाठ असलेली माग. उद्याच माग. एकदा स्टुलावर बसलास की तुला तिथून उठवणं सोपं."

ह्यामागं कारण होतं. तरुणपणी काका एका कारखान्यात बदली कामगार होते. रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. आतला कोणी आजारी पडला तर त्याच्या जागी आत, नाहीतर घरचा रस्ता. "दुसऱ्याला ताप येऊ दे म्हणून देवाला हात जोडणारा माणूस आहे मी," ते सांगायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे. उभं राहून राहून एक दिवस वैतागले आणि फाटकाशी उभ्या असलेल्या इतरांनाच कुठे कुठे कामाला लावू लागले. त्यात जम बसला. स्वतः मात्र त्या कारखान्यात कायम झाले नाहीत ते नाहीतच.

आणि तिसरी सवय चौकशीची. कोणाला कुठे लावायच्या आधी त्याच्या जुन्या कंपनीत फोन करून तो कसा होता ते विचारायचं, हा आमच्या धंद्याचा नेमच. फोन मी लावायचे, स्पीकर चालू ठेवायचे. काका आतून बाहेर येऊन बाकावर बसायचे आणि डोळे मिटायचे. वेळेवर येत होता का, भांडकुदळ होता का, सोडून का गेला, हे मी विचारायचे. शेवटचा प्रश्न काकांचा: "पुन्हा वेळ आली तर घ्याल का यांना?" उत्तर काय येतं याच्यापेक्षा ते यायला किती वेळ लागतो इकडे त्यांचं लक्ष. फोन ठेवला की डोळे उघडून एकच शब्द, "चालेल," नाहीतर "नको". मला त्यांच्या ह्या अंतर्ज्ञानाची गंमत वाटायची, पण खोटं कशाला बोलू, ते फारसे चुकायचे नाहीत.

काकांना एकच मुलगी. तिला सगळे चिमी म्हणायचे. शाळेतून आली की ती आमच्या बाकावर बसून अभ्यास करायची, नोकरी शोधायला आलेल्या घामेजलेल्या माणसांच्या मधे. कोणाकडून गणित सोडवून घ्यायची, कोणाकडून चित्र. मोठी झाली आणि परगावच्या एका बड्या कंपनीत, माणसं भरती करण्याच्याच खात्यात तिला नोकरी लागली. काकांची छाती फुगली. "मी साधा शब्दसुद्धा टाकला नाही कोणाकडे," ते आल्यागेल्याला सांगत. "स्वतःच्या हिमतीवर चिकटली."

तिच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन आमच्या ऑफिसातूनच लागला. स्पीकरवर.

"खुर्ची मिळाली का?"

"मिळाली, बाबा."

"पाठीची?"

"पाठीची. हात असलेली." मग जरा थांबून म्हणाली, "खिडकीजवळची."

पुढचे कितीतरी दिवस काकांनी ती खुर्ची चहावाल्यापासून चष्मेवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवली. "माझ्यासारखीच मिळाली बघ," म्हणायचे आणि मागे रेलून बसायचे.

नंतर आमचे दिवस फिरले. माणसं लावली की कंपनी एकदाच मोबदला द्यायची आणि त्यावर आमचं घर चालायचं. पण कंपन्यांनी माणसं घेताना हात आखडता घेतला. लोक घरबसल्या मोबाइलवर अर्ज करायला लागले. फोन यायचा तोही असा: "काका, माणूस हवाय, पण आमच्या पगारावर नको हो. तुमच्याकडेच ठेवा आणि आम्हाला वापरायला द्या." काका म्हणायचे, "माणूस म्हणजे काय शिडी आहे का, शेजाऱ्याकडून मागून आणायला?" आणि फोन ठेवायचे. असे फोन ठेवत ठेवत आमच्यावर माश्या मारायची पाळी आली. बाकावर मी माझी पिशवी ठेवू लागले.

अशात चिमी बॅग घेऊन परत आली. "सोडली नोकरी. कंटाळा आला तिथे. तुमच्याबरोबर काम करते," म्हणाली. काका तोंडानं पुष्कळ रागावले. पण दुपारी चहावाला आला तेव्हा त्यालाच सांगत होते, "कायमची नोकरी लाथाडून आली पोरगी बापासाठी. आहे का कोणाची अशी?" चहावाल्याला तीन मुलगे होते. तो चहा ठेवून निघून गेला.

चिमीनं आल्या आल्या विषय काढला. आपणही माणसं कंत्राटावर द्यायची.

"म्हणजे कसं?" काकांनी विचारलं. त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माणूस आपला. पगार आपण करायचा, रजा आपण द्यायची. काम मात्र तो त्यांच्याकडे करणार. मुदत संपली की परत आपल्याकडे."

"परत म्हणजे या बाकावर?"

"दुसरं काम मिळेपर्यंत, हो."

"आजवर या बाकावरून उठलेला कोणी परत बसायला आला तर मला तोंड लपवावंसं वाटायचं. आता त्यालाच धंदा म्हणायचं? आणि मुदत संपली, उद्यापासून येऊ नकोस, हे त्याला सांगायचं कोणी?"

"आपण."

"वा. छान काम शोधलंस."

"नाहीतर दोन्ही खोल्यांना कुलूप लावायचं, बाबा. दुसरं काही उरलेलं नाही." आवाज न चढवता बोलली. काका खिडकीतून खाली बघत राहिले. मग मला हाक मारून म्हणाले, "पाटी रंगवणाऱ्याला बोलाव."

पाटीवर खाली थोडीच जागा शिल्लक होती. रंगाऱ्यानं 'कंत्राटी मनुष्यबळ मिळेल' एवढं कसंबसं कोंबलं आणि अक्षरं बारीक झाली म्हणून वाईट वाटून घेऊ लागला. काका म्हणाले, "बारीकच बरी."

कामाची वाटणी अशी झाली: कंपन्या धरून आणायच्या चिमीनं, करार-कागद तिचेच. काकांनी माणसं निवडायची आणि पाठवण्याआधी त्यांना समज द्यायची. तुमचं ओळखपत्र वेगळ्या रंगाचं असेल, रजा आमच्याकडे मागायची, कायम करा म्हणून तिथे कोणाच्या मागे लागायचं नाही, वगैरे. हे सगळं काका एका दमात म्हणून टाकायचे, शाळेतली मुलं प्रतिज्ञा म्हणतात तसं. मग म्हणायचे, "चल, तुला बसथांबा दाखवतो," आणि त्याच्याबरोबर जिना उतरायचे. मला नवल वाटायचं. बसथांबा खिडकीतून दिसत होता.

धंदा बरा चालला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत आम्ही एक उंच मुलगी दिली, तक्रारींचे फोन घ्यायला. कागदी पिशव्यांच्या कारखान्यात गोदामावर एक जण, दातांच्या मोठ्या दवाखान्यात दोघी. चिमी सकाळी येताना गुणगुणत यायला लागली. बाकावरची पिशवी मी खाली ठेवली.

मग एक दिवस लिफ्टवाल्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. चिमीनं घेतला.

"मॅडम, तुमची ती उंच मुलगी आम्ही ठेवून घेतो."

"ठेवून म्हणजे?"

"आमच्याकडे. कायम."

"करारात बसत नाही ते."

"माहीत आहे हो. पण सुट्या भागांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. ती नसली की आमचे मिस्त्री दारात ताटकळत बसतात. काय भरायचं ते भरतो आम्ही, पण ती सोडा."

"कपाटाची किल्ली तिच्याकडे कशी? ती तर फोनवर होती ना?"

"तिनंच मागितली. मी सगळ्यांच्या आधी येते, माझ्याकडे द्या, म्हणाली."

कंत्राटी माणूस कंपनीनं ओढून घेतला की आमचं पुढचं उत्पन्न बुडालं. एकदा असं होतं म्हणून चिमीनं सोडून दिलं. पण पाठोपाठ कागदी पिशव्यांच्या गोदामवाला गेला. गोदामाची किल्ली त्याच्याकडे. दवाखान्यातली एक गेली. औषधांच्या फडताळाची किल्ली तिच्याकडे. चिमीला वाटलं, कंपन्या आपली माणसं पळवतात. दवाखान्याच्या मॅनेजरला तिनं फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. तो बिचारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, आमच्यावर कशाला चिडता? तुमच्या वडिलांचाच फोन होता परवा. मुलगी गुणी आहे, ठेवून घ्या म्हणून."

जिन्यातलं गुपित मला त्या उंच मुलीकडून आधीच कळलं होतं. ती कायम झाल्याचं सांगायला आली तेव्हा वर आलीच नाही. काका आधीच खाली उतरून जिन्याच्या वळणावर उभे होते, तिथेच त्यांनी तिच्याशी हात मिळवला. उठायचं तर होतं, पण चिमीसमोर उठण्याची सोय नव्हती. जाताना ती मुलगी माझ्याशी बोलली. म्हणाली, काकांनी पहिल्याच दिवशी जिना उतरताना सांगितलं होतं, "सगळ्यांच्या आधी पोच आणि कुठली तरी एक किल्ली आपल्याकडे घे. मग तुला काढायचं कसं याचा त्यांनाच विचार पडेल." मी हे चिमीला सांगितलं नाही. बापलेकीच्या मधे तोंड घालून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

त्या दिवशी चिमी आत गेली आणि तिनं मधलं दार लोटलं. ते लागलं नाही.

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय, बाबा. माझ्याही. इस्पितळाचं काम आलंय. पुढच्या काउंटरवरची सगळी माणसं आपली असतील. ते मिळालं तर हे ऑफिस तरतं, नाहीतर वर्षअखेरीला बंद. आणि त्यांची एकच अट आहे, माणसं चिकटता कामा नयेत. तुमची कीर्ती पोचलीय तिथपर्यंत. मला तोंडावर विचारलं, चिकटवे म्हणतात ते तुम्हीच का?"

मला हसू आलं. मी ते दाबलं.

"माणसाला आत धाडायचं आणि वर सांगायचं, की बाबा, रुजू नकोस?" काका म्हणाले. "हे मला जमायचं नाही."

"प्रत्येकाला कायम करणं हे आता आपलं काम नाही."

"तुला नाही कळायचं ते, चिमे. तू कायमची नोकरी स्वतःहून सोडून आलीस. ज्याला मिळालेली असते त्याला काय तिचं? बाहेर उभं राहिलेल्याला विचार."

चिमीकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. लहानपणापासूनच. त्या दिवशी ती तडक बाहेर आली, बॅग उचलली, "मला इस्पितळात बैठक आहे," असं मला म्हणाली आणि जिना उतरून गेली. बैठक दुसऱ्या दिवशी होती.

पुढे दोघांचा अबोला. "तिला सांग, आज तिघं येणार आहेत." "त्यांना सांग, मला माहीत आहे." दोघांमधे आठ पावलांचं अंतर आणि निरोप्या मी. त्या तिघांना काकांनी समज दिली, बसथांबा दाखवायला मात्र उतरले नाहीत. जाता जाता खुर्चीतूनच म्हणाले, "आणि हे बघा, किल्ल्याबिल्ल्या मागू नका कोणाकडे." असं तोंड करून म्हणाले की मला त्यांची दया आली. लेकीसाठी माघार घेतली होती माणसानं, पण ते तिला सांगणार कोण?

इस्पितळानं आणखी एक मागणी केली. आमच्याकडून जी जी माणसं जातील त्यांची जुन्या कंपनीत चौकशी करून कळवायचं, आणि हे काम सांभाळणारी म्हणून चिमीचीही. "नाहीतरी तुमचा धंदाच तो," म्हणाले. सगळ्यांची झाली. चिमी मला म्हणाली, "माझं मी बघते, तू त्याला हात लावू नकोस." मी बरं म्हटलं. मला ह्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरोखरच इस्पितळात गेली होती. काका आतून बाहेर आले, बाकावर बसले.

"तिचीच तेवढी राहिलीय ना? लाव फोन."

"ती म्हणाली होती, मी करते."

"स्वतःची चौकशी स्वतः कोण करतं? तेवढंच तिचं एक काम कमी होईल. लाव तू." मग चहावाल्याला हाक मारली आणि दोन चहा सांगितले. मला कळलं, समेट करायची ही त्यांची रीत. तोंडानं चुकलो म्हणण्यापेक्षा तिचं एखादं काम करून ठेवायचं. मलाही बरं वाटलं, मी लगेच फोन लावला.

पलीकडे एक बाई होत्या. आवाजावरून घाईतल्या, पण बोलायला चांगल्या. मी चिमीचं पूर्ण नाव सांगितलं, खातं सांगितलं. काकांनी डोळे मिटले.

"या नावाचं आमच्याकडे कोणी नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नीट बघायला सांग त्यांना," काका डोळे मिटूनच.

"थांबा हं. हो, सापडलं. एजन्सीच्या होत्या त्या."

"एजन्सीच्या म्हणजे?" मी विचारलं.

"कंत्राटावर. आमच्याकडे काम करायच्या, पण आमच्या नव्हत्या. मुदत संपली, सोडलं. मला आठवतात त्या. काम अगदी चोख."

मी काकांकडे बघितलं नाही. पुढचे प्रश्न एकामागून एक विचारत गेले, दुसरं काय करणार? वेळेवर यायच्या का, यायच्या. स्वभाव कसा, चांगला. एवढं झाल्यावर शेवटचा प्रश्न काकांचा. मी थांबले.

काकांनी डोळे उघडले होते. "त्यांना बसायला खुर्ची होती का?"

"काय म्हणालात?"

"खुर्ची. स्वतःची."

"नाही हो. कंत्राटी लोकांना आतल्या खोलीत एक लांब टेबल असतं. जो आधी येईल तो बसेल."

"खिडकी?"

"त्या खोलीला खिडकी नाही." बाईंना हे प्रश्न विचित्र वाटत असणार, पण त्यांनी फोन ठेवला नाही. माणूस भला.

"काम चोख होतं म्हणता, मग कायम का नाही केलंत?"

"खरं सांगू का? आमच्या साहेबांच्या मनात होतं. पण त्यांच्या एजन्सीतून कोणी शब्दच टाकला नाही. कोणी एक फोन केला असता तरी झालं असतं."

मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला, तेव्हा काकांनी खुणेनं थांबवलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "पुन्हा वेळ आली तर घ्याल का त्यांना?"

उत्तराला अजिबात वेळ लागला नाही. "आनंदानं. कंत्राटावर."

फोन ठेवला. काकांनी ना 'चालेल' म्हटलं ना 'नको'. चहा आला तो तसाच राहिला, त्यावर साय धरली. मला इतकं वाईट वाटत होतं की काही तरी करायला हवं म्हणून मी टेबल पुसलं. मग विचारलं, "इस्पितळाला काय कळवू?"

"जे सांगितलं तेच. आणि आजच कळव. तिचं काम अडायला नको."

इस्पितळाला त्याचं काहीच वाटलं नाही, हे नंतर कळलं. उलट, तुमच्या मॅडमना कंत्राटी कामाचं आतलं सगळं ठाऊक आहे म्हणजे बरंच, असं म्हणाले म्हणे.

संध्याकाळी काकूंचा फोन आला, काकांच्या बायकोचा. "आज ऑफिसात काही झालं का ग?" मी सांगितलं. "मला माहीत होतं," म्हणाल्या. "आल्याच दिवशी सांगितलं तिनं. पण यांना सांगायची छाती कोणाची? गावभर खुर्ची मिरवून आले होते ना."

"आता काय करताहेत?"

"आल्यापासून पाठीला घ्यायची ती बारकी उशी शोधताहेत. आजवर कधी उशी लागली नाही यांना."

सकाळी मी पोचले तर काका आधीच आले होते. कुलूप त्यांनीच उघडलं होतं. टेबलावरचा त्यांचा चष्म्याचा डबा, पेन आणि औषधाची बाटली पलीकडच्या कडेला, येणारा माणूस बसतो तिकडे, सरकवून ठेवलेली. स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, अगदी पुढे, टोकावर. मागे उशी होती. त्यांना तिची गरज आहे असं वाटत नव्हतं.

चिमी दोन-दोन पायऱ्या चढत आली. "मिळालं," मला म्हणाली, "इस्पितळाचं मिळालं!" आणि अबोला विसरून आत शिरली. "बाबा, काम मिळालं आपल्याला."

काकांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि उठले. गुडघे वाजले.

चिमी दारातच थबकली. चेहरा पडला तिचा. "आता कोणाला चिकटवलंत?" म्हणाली आणि गर्रकन मागे वळली. मागे बाक रिकामा होता. जिन्यावरही कोणी नव्हतं. एक मी होते, आणि मी न वाजणारा फोन उचलून कानाला लावला होता.

"कोण कायम झालं, बाबा?"

"तू."

टेबलाला वळसा घालून ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. हात पुढे केलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काल फोन लावला होता ग, तुझ्या जुन्या कंपनीत." तिचे डोळे भरून आले. तिनं हात दिला, काकांनी तो मिळवला, पण सोडला नाही. "आता काम कर," असंही म्हणाले नाहीत. तिला हाताला धरून टेबलामागे नेलं आणि खुर्ची मागे ओढली.

"बस."

"ही तुमची आहे, बाबा."

"बसून तर बघ," काका म्हणाले. "पाठीची आहे. हात असलेली. खिडकीजवळची."